जेम्सच्या कोटावरची माणसं

जयवंतीनं शांताची एक वेणी घातली, दुसरीचे पेड हातात घेतले आणि ती तिथंच थांबली. कुंपणापलीकडे जेम्सच्या ओट्यावर फोनो लागला होता. त्यातून एक बाई गात होती. गाणं इंग्रजी, म्हणजे जयवंतीला त्यातला शब्दही कळण्यासारखा नव्हता. पण ती बाई आवाज असा ओढत होती, की जणू खोल विहिरीतून भरलेली कळशी एकटीच वर खेचतेय आणि दोर हाताला कापतोय.

"आई, दुसरी वेणी?" शांता म्हणाली.

आई कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलीसुद्धा. शांता त्या दिवशी एकाच वेणीनं फिरली.

हे एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या नाताळातलं. आगाशीच्या अलीकडे, केळीच्या आणि पानवेलीच्या बागांमध्ये, ही दोन घरं पाठीला पाठ लावून होती. एकात विद्याधर बागाईतदार, त्याची आई कृष्णाबाई, बायको जयवंती आणि आठ वर्षांची शांता. दुसऱ्यात जेम्स आणि त्याची बायको कार्मिन. मधे एरंडाचं कुंपण आणि कुंपणाला फट. दोन्हीकडच्या बायकांनी मीठमिरची, विस्तव आणि गप्पा यांच्यासाठी ये-जा करून ती माणूस जाईल एवढी मोठी केली होती.

जेम्स मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा. सणाला घरी आला, की पांढरा सदरा घालून ओट्यावर बसायचा आणि फोनोला चावी द्यायचा. जयवंती घाईघाईनं आली तशी तो उठून उभा राहिला.

"या वहिनी."

"ही बाई रडते का हो?"

"रडत नाही. गाते. नवरा सकाळच्या गाडीनं निघून गेलाय, त्याचं सांगते."

"मग हिनंही बसायचं ना गाडीत."

जेम्स एवढा हसला की आतून कार्मिन बाहेर आली. जयवंती मात्र हसत नव्हती. तिनं ती तबकडी पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा. उभ्याउभ्याच ऐकली. कार्मिननं पुढं केलेल्या पाटाकडे तिनं पाहिलंही नाही.

बसणं हे जयवंतीला जमतच नसे. बोळिंजच्या माहेरी तिला भिंगरी म्हणत. सासरी आल्यावर बागेला पाणी सोडायला गेली तर एका वाफ्यात पाणी भरता भरता दुसऱ्याच्या बांधावर पोचलेली असायची. तिचं मन रमायचं ते फक्त भरतकामात. तेही जेम्सच्या आईनं तिला शिकवलेलं. म्हातारी चर्चच्या वेदीवरची वस्त्रं भरायची, नवऱ्या मुलींचे डोक्यावरचे व्हेल भरायची. शेजारच्या नव्या सुनेचे हात स्वस्थ राहत नाहीत हे पाहून तिनं तिच्या हातात सुई दिली. म्हातारी आता नव्हती. जयवंतीच्या पेटीत तिनं शिकवलेले सगळे टाके होते, पण पुरं झालेलं असं काहीच नव्हतं. बिनपायांचा मोर होता. एका बाजूनं भरलेली कमळं होती. निम्म्या परडीत निम्मी फुलं होती. मनात नवं काही आलं, की हातातलं गळून पडायचं.

"आमची सून अर्धवट आहे," कृष्णाबाई लोकांना सांगायच्या आणि हा शब्द त्या दोन्ही अर्थांनी वापरायच्या.

दुसऱ्या दिवशी जेम्सनं तिला एक कोट दाखवला. पांढऱ्या जाड ड्रिल कापडाचा, हॉटेलातल्या बँडचा असतो तसा. त्याच्या पाठीवर रंगीत रेशमानं चार पुरुषांचे चेहरे भरलेले होते. गाल गुलाबी, ओठ लाल, केस तेवढे काळे.

"हे कोण?"

"तीच तर गंमत आहे," जेम्स म्हणाला, पण त्याचा चेहरा गमतीचा नव्हता.

लढाईच्या दिवसांत एक काळा अमेरिकन सोल्जर हॉटेलच्या मागच्या दारी येऊन त्यांचा बँड ऐकत उभा राहायचा. पुढच्या दारानं त्याला आत घेत नसत. जेम्सची त्याच्याशी ओळख झाली. जाताना त्यानं जवळच्या तबकड्या जेम्सला देऊन टाकल्या, तबकड्यांच्या जाहिरातीचा एक कागदही दिला. त्या कागदावर गाणाऱ्यांचे नखाएवढे फोटो होते. ब्लूज म्हणतात ते गाणं सगळ्यात आधी गाणारी ही माणसं. कुणी कापसाच्या शेतात राबलेला, कुणी रेल्वेचे रूळ टाकणारा. एक पायानं अधू, एक जन्माचा आंधळा. सोल्जरनं प्रत्येकाची गोष्ट सांगितली होती आणि जेम्सनं ती पाठ केली होती.

"आम्ही मुंबईत जे वाजवतो ना वहिनी, ते सगळं ह्यांच्या पोटातून आलेलं. टाळ्या आम्हाला. ह्यांचं नाव कुणी घेत नाही. ईस्टरच्या रविवारी दुपारच्या चहाला नाच असतो. त्यात आमचा मास्तर मला एक गाणं एकट्याला देणार आहे. मी म्हटलं, ह्या लोकांना अंगावर घेऊनच वाजवायचं. मुंबईच्या कारागिराला कागद दिला, तर त्यानं हे करून ठेवलं. म्हणे, मोठ्या माणसांना काळं कसं दाखवायचं, वाईट दिसतं."

जयवंतीनं कोट उजेडात धरला. "हा तर साहेब आहे," ती म्हणाली. "ह्याला कसलं दुःख? ह्याचा घोडा लंगडला असेल फार तर." मग तिनं कोट खाली ठेवलाच नाही. "हे सगळं उसवते. मी करते."

कार्मिन पटकन म्हणाली, "नको गं जयवंती. तू घेशील आणि पेटीत टाकशील. ईस्टर तोंडावर येईल नि ह्यांच्या पाठीवर अर्धी तोंडं राहतील."

जयवंतीला ते लागलं. त्यात खोटं काही नव्हतं. तिनं कोटाची घडी केली आणि फटीतून घरी आली.

पहिलं अडलं ते रंगावर. आगाशीच्या बाजारात रेशमी लडी होत्या, विरारला होत्या, वसईच्या पेठेत तर भिंत भरून होत्या. पोपटी, गुलबक्षी, हळदी, मोरपंखी. पण माणसाच्या कातडीचा रंग कुणीच ठेवत नव्हतं. एका दुकानदारानं काळा दोरा दिला. तो लावून पाहिला तर चेहरा बटणासारखा दिसला. चार दिवस ती वेड्यासारखी ह्या दुकानातून त्या दुकानात फिरली. घरी आली की कोट उलगडायची, पुन्हा घडी घालायची.

मग एका सकाळी विद्याधर घड काढत होता आणि ती खाली उभी राहून झेलत होती. बुंध्यातून चिकाची धार तिच्या लुगड्यावर आली. केळीच्या बागेत जन्म काढलेल्या बाईला त्याचं काय? केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो, पण वाळला की तपकिरी होतो आणि कापड फाटलं तरी सुटत नाही. बागाईतदारांच्या घरात एकही धड लुगडं नसतं ते त्यामुळेच. जयवंतीनं पदर हातात घेतला. जुने डाग, नवे डाग, एकावर एक पडलेले डाग. कुठे चिंचेच्या टरफलाचा रंग, कुठे खजुराचा, कुठे पार जळक्या नारळाचा.

"अहो, तसेच थांबा," ती ओरडली आणि स्वैपाकघरातून वाडगा घेऊन धावत आली.

विद्याधर मितभाषी माणूस. कोयता हातात धरून तो बघत राहिला. "चीक कशाला?"

"माणसं करायला."

त्यानं कोयता बाजूला ठेवला. कापलेल्या बुंध्याखाली वाडगा नीट टेकवून दिला.

पांढऱ्या दोऱ्याच्या लडी तिनं चिकात बुडवल्या. एक नुसती बुडवून काढली, एक रात्रभर ठेवली, एक वाळवून पुन्हा बुडवली. एक लोखंडी कढईत टाकली, ती जवळपास काळी होऊन आली. अंगणातल्या दोरीवर साऱ्या छटांच्या लडी लोंबू लागल्या.

"जग लुगड्याला चीक लागू नये म्हणून जपतं," कृष्णाबाई शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि आमच्याकडे दोरे बुडवून ठेवतात."

त्यानंतर जयवंती दिसली ती कोटावर वाकलेलीच. ओट्यावर, विहिरीच्या काठावर, चुलीपुढं. भात करपला. सुकेळीसाठी वाळत घातलेल्या केळ्यांवर दुपारी कावळे बसले. पण चेहरे उमटत गेले. रुळांवर राबलेल्याचे खांदे तिनं आधी भरले आणि डोकं नंतर. अधू माणसाच्या मांडीवर गिटार ठेवली, ती त्याची काठी वाटावी अशी तिरकी. आंधळ्याच्या डोळ्यांपाशी ती बरेच दिवस अडली. शेवटी तिथं फक्त दोन वाकडे टाके घातले आणि मान जरा वर केली. तो कुणाची तरी वाट ऐकतोय असं दिसायला लागलं. चौथा, कापसाच्या शेतातला, तिनं बिनचूक फोटोसारखा केला आणि त्याच्यावर ती अजिबात खूश नव्हती.

गावात कुजबुज होतीच. हॉटेलात दारू ओततात, तिथं वाजवणाऱ्याचा कोट आणि आपल्यातली बाई त्यावर परक्या पुरुषांची तोंडं काढते. टांगेवाल्यांच्या नाक्यावर विद्याधरला कुणी ना कुणी छेडायचं.

एका संध्याकाळी हातपाय धुता धुता तो म्हणाला, "कोट लवकर संपव."

"का?"

"लोक विचारतात."

"तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, संपत आला."

संपत आला नव्हता. मधली जागा रिकामी होती. ती त्या बाईची जागा होती, जिचा आवाज ऐकून जयवंती फटीतून धावली होती. जेम्सच्या कागदावर तिचा फोटो नव्हता. तो भाग फाटून गेला होता. जेम्सलाही तिचं तोंड ठाऊक नव्हतं, एवढंच माहीत होतं की ती अंगानं भक्कम होती आणि कुणाला भीत नव्हती.

जयवंतीनं पहिल्यांदा जी बाई काढली ती कॅलेंडरातल्या लक्ष्मीसारखी झाली. उसवली. दुसरी कार्मिनसारखी दिसली. उसवली. तिसरी कुणासारखीच नव्हती. ड्रिलला भोकं दिसायला लागली. कार्मिनकडे जाऊन ती तबकडी लावून यायची, तेवढ्यापुरता चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि फटीतून परत येईस्तोवर जायचा. ती उगाच बागभर चालायची. अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यायची. जेवताना उठायची. झोपेत हात हलवायची. ईस्टरआधीचा उपवासकाळ निम्म्यावर आला तेव्हा तिनं कोट पेटीत टाकला, मोरावर आणि कमळांवर, आणि झाकण लावलं. कार्मिन दोनदा फटीपाशी आली आणि काही न विचारता तशीच परत गेली. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं जयवंतीला वाटलं.

त्या आठवड्यात बायजा आली. खाडीकडची आगरीण, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन वर्षानुवर्षं दारोदार फिरणारी. तिची हाक बांधावरून आली, "मीऽऽठ घ्या गो मीठ!" आणि अंगणात कपडे वाळत घालणारी जयवंती वळली. बायजाचं तोंड पूर्ण उघडलेलं होतं. गळ्याच्या शिरा ताठ, हनुवटी पुढं, आणि डोळे मात्र भलतीकडेच, पाटी कुठं टेकवायची ते शोधणारे. हाक मारण्यात तिचं लक्षच नव्हतं. हाक आपोआप निघत होती.

"बायजा, पुन्हा ओरड."

"कशाला गो? मी आली ना दारात."

"ओरड गं. तशीच."

बायजानं पाटी खाली ठेवली. "तुना बरं हाय ना?"

जयवंतीनं पेटीतून कोट काढून आणला आणि समोर पसरला. बायजा वाकून बघत राहिली. आंधळ्याच्या मानेवरून तिनं बोट फिरवलं.

"हे कोन?"

"लांबचे आहेत. गाणारे. इथं मधे एक बाई पाहिजे. मला तुझं तोंड हवंय."

"माजा थोबाड? कोटावं?" बायजा मागं सरली. "माजा नवरा पन बगत नाय त्याच्याकडं. आनि बाजाच्या कोटावं लावतेस? लोक दगडं मारतील."

"तिथं मुंबईला कोण ओळखतंय तुला?"

बायजानं जरा विचार केला. मग लुगड्याचा पदर खोचला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून अशी काही हाक मारली, की माडावरचे कावळे उडाले आणि कृष्णाबाई जपमाळ घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोनी नाय गेला," बायजा म्हणाली. "मी मुंबईला चालली."

तीन दिवस बायजा वाट वाकडी करून ह्याच घरी आधी यायची आणि ओरडायची. तिच्या तोंडाचा आकार जयवंतीनं सगळ्यात गडद दोऱ्यानं भरला, कढईतल्या. बाकी चेहरा तिचाही नव्हता आणि कुणाचाच नव्हता, पण त्या उघड्या तोंडामुळे तो खरा झाला. शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला तेव्हा ईस्टरला चारच दिवस होते. पुरं झालेलं काम हातात धरायची तिला सवय नव्हती. ती ते घेऊन घरभर फिरली आणि कुठं ठेवावं ते तिला कळेना.

जेम्सनं कोट घालून पाहिला. आरशात पाठ दिसेना, म्हणून कार्मिननं दुसरा आरसा मागं धरला. तो पुन्हा पुन्हा वळून बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही या. तुम्ही बघायलाच पाहिजे."

घरात भांडण झालं. सणासुदीला सून हॉटेलात जाणार, हे कृष्णाबाईंना ऐकवेना. विद्याधरलाही ते पटलं नव्हतं. पण जयवंती एकच वाक्य म्हणत राहिली, "मला बघायचंय." कपडे वाळत घालताना म्हणाली, वाढताना म्हणाली. शेवटी तो स्वतःच कार्मिनला आणि तिला घेऊन मुंबईला गेला.

हॉटेलच्या पुढच्या दारावर पगडीवाला उभा होता. नऊवारी नेसलेल्या दोन बायका आणि धोतरातला बागाईतदार पाहून त्यानं हात आडवा केला. जेम्स आतून धावत आला. त्यानं दरवानाशी हुज्जत घातली नाही. तिघांना वळसा घालून मागच्या बाजूनं नेलं, मुदपाकखान्यातून, तव्यांच्या आणि तुपाच्या वासातून, आणि बँडच्या चौथऱ्याच्या मागं एका पडद्याशी उभं केलं. "इथून दिसेल," तो म्हणाला आणि घाईनं पुढं गेला.

खरंच दिसत होतं. पडद्याच्या फटीतून जयवंतीला वाजवणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या. त्यांच्या पलीकडे झुंबरं, केकची टेबलं, टाचांच्या चपला घातलेल्या मडमा आणि पारशिणी. जेम्स उठला, एकटाच पुढं आला, ट्रंपेट ओठांना लावला. आणि तिच्याकडे तोंड करून ते पाचही जण उभे राहिले. आंधळा, अधू, रूळवाला, कापूसवाला आणि मधे तोंड उघडलेली ती बाई. जेम्सच्या खांद्यांबरोबर ते हलत होते. तो श्वास घेई तेव्हा बाईचं तोंड मोठं होई.

जयवंती पडद्याला नाक टेकून बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की हे तिलाच दिसतंय. तिला, कार्मिनला आणि विद्याधरला. हॉलमध्ये बसलेल्यांना दिसतोय एक पांढरा कोट, इतरांसारखाच. ते चहा ढवळत होते. एक जोडपं नाचत होतं.

"अगं, ह्यांना दिसतच नाही," ती कार्मिनला म्हणाली. "अगं, पाठ आहे ती! पाठ कोण बघणार?" हे कोट मागणाऱ्याला सुचलं नव्हतं, भरणारीलाही नाही. ती पडदा मुठीत धरून पिळायला लागली. तिचा आवाज वाढला असावा, कारण जेम्सनं तेवढ्यात मान किंचित वळवली.

आणि तो वळला. गाणं न तोडता पूर्ण वळला. हॉलकडे पाठ केली आणि पडद्याकडे तोंड करून वाजवत राहिला. डोळे मिटलेले, गाल फुगलेले. हॉलमधली चमच्यांची किणकिण थांबली. कुणीतरी हसलं. मागच्या टेबलावरची एक म्हातारी मडम उभी राहून नीट बघू लागली. पण पुढच्या टेबलावरचे साहेब आणि शेटजी रागावले. पाहुण्यांकडे पाठ करून वाजवायचं म्हणजे काय? मॅनेजर चौथऱ्याच्या कडेला येऊन हातानं खुणा करत होता. जेम्सला त्या दिसत नव्हत्या किंवा त्यानं त्या बघितल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. तो ट्रंपेटची पेटी घेऊन मुदपाकखान्याच्या दारानं त्यांच्याबरोबरच बाहेर पडला.

"माझ्यामुळे झालं," जयवंती म्हणाली.

"नाही वहिनी. मला आधीच सुचायला हवं होतं. कोट उलटा शिवायला हवा होता, पुढून भरलेला." तो हसला, आणि मग कार्मिन रडायला लागली.

विद्याधर सगळ्यांच्या मागून चालत होता. तो एवढंच म्हणाला, "वाजवलं मात्र चांगलं."

मुंबईहून परतल्यावर जयवंतीचं कशातच लक्ष लागेना. कार्मिन फटीशी येत नव्हती. जेम्स सकाळी बाहेर पडायचा, दुसऱ्या हॉटेलांतून विचारून यायचा. त्याची ती गोष्ट सगळीकडे त्याच्या आधी पोचलेली असायची. एकदा जयवंती कात्री घेऊन गेली. "द्या तो कोट. पाठ कापून पुढं लावते." जेम्सनं कोट दिला नाही.

मे महिन्यात उमराळ्याच्या कॉन्रॅडचं लग्न ठरलं. कॉन्रॅड म्हणजे जेम्सचा बालमित्र, गावच्या वाजंत्री बँडात ड्रम वाजवणारा. त्यानं स्वतःच्या वरातीत जेम्सला बोलावलं. "तू हॉटेलातला. गावातलं वाजवशील का?" जेम्सला दुसरं काम नव्हतं. तो गेला आणि तोच कोट घालून गेला.

वरातीत बँड पुढं चालतो. त्याच्या मागं नवरानवरी, त्यांच्या मागं सगळं गाव. चर्चपासून नवऱ्याच्या घरापर्यंतचा रस्ता, केळीच्या बागांमधून, उन्हातून, धुळीतून. आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर, चालीला चाल जुळवत, जेम्सची पाठ. म्हातारे वाकून वाकून बघायला लागले. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. पोरं धावत पुढं जाऊन मागं वळून पाहायला लागली, पण पुढून काही नव्हतं, म्हणून परत मागं यायची.

"कोण रे ही माणसं?"

जेम्स वाजवायचं थांबला, की चालता चालता सांगायचा. हा आंधळा. हा रुळांवरचा. ह्याच्या पायात खिळा गेला होता. गाव ऐकत होतं. नवरीची मावशी आंधळ्यासाठी पदर डोळ्यांना लावत होती. फादर थोडे नाराज दिसले, पण त्यांनी विचारलं ते भलतंच. "ही बाई एवढं तोंड उघडून काय गाते?"

बांधावर मिठाची पाटी घेऊन बायजा उभी होती. बँड समोरून पुढं गेला आणि मग तिला ती पाठ दिसली.

"आगो बाय! मी हाय ती!" ती ओरडली. पाटी तिथंच ठेवून ती वरातीत शिरली. "मीऽऽठ घ्या! बगा, बगा, माजाच तोंड हाय!" आणि लोकांनी कोटाकडं बघून तिच्याकडं बघितलं आणि हसून हसून नवरीचा व्हेल वाकडा झाला. जयवंती कार्मिनच्या शेजारून चालत होती. कार्मिननं तिचा दंड धरला. कितीतरी दिवसांनी.

त्यानंतर बँडातल्या दुसऱ्यांनाही कोट हवे झाले. क्लॅरिनेटवाला आला, ढोलवाला आला. सगळ्यांना तेच पाच जण हवे होते. जयवंतीनं एक केला, दुसऱ्याचे दोन चेहरे केले आणि सुई टोचून ठेवली.

"तेच तेच मी करणार नाही. दुसरी माणसं सांगा."

"दुसरी कोण? आम्हाला तरी काय माहीत?"

"मग मला नको."

पुढच्या वर्षी दारूबंदी आली. मुंबईच्या हॉटेलांतले नाच कमी झाले, बँड मोडले. जेम्सला काढून टाकणाऱ्या हॉटेलातलेही कित्येक जण घरी बसले. जेम्सला एका सिनेमाच्या स्टुडिओत काम मिळालं. तिथं वाजवणारे भिंतीआड बसत, त्यांना कुणी बघत नसे, कोटाची गरजच नव्हती. त्यानं तो कॉन्रॅडला देऊन टाकला. कॉन्रॅड तो वरातींत घालून घालून फाटेपर्यंत वापरत राहिला.

जेम्सच्या नव्या कामाचं जयवंतीला कळलं तेव्हा तिनं त्याला एकच विचारलं. "तुमच्या त्या स्टुडिओत कपडे कोण करतं?"

"आहे एक खातं. राजाराणीचे अंगरखे वगैरे भरतात."

"तिथं बाई चालेल?"

ह्यावर विद्याधर कधी नव्हे तो चिडला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पानवेलीला आधार बांधता बांधता म्हणाला, "शांताचं काय?"

"शांता मोठी झाली. आई आहेत. तुम्ही आहात. मी शनिवारी येईन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

जयवंती वेलीकडे बघत राहिली. हातात काही नव्हतं, तरी बोटं चालत होती. "तर मी राहीन," ती म्हणाली. "पण तुम्हीच मग म्हणाल, हिला जाऊ दे."

त्यानं गाठ मारली, सोडली, परत मारली. सोमवारी पहाटे टांगा आला तेव्हा तिची वळकटी त्यानंच टांग्यात ठेवली.

ती स्टुडिओत राहिली. सुरुवातीला शनिवारी यायची, मग एकाआड एक शनिवारी. घरी आली की दोन दिवसांत बागभर फिरून घ्यायची, कृष्णाबाईंचं बोलणं ऐकून घ्यायची, कार्मिनकडे जाऊन यायची आणि निघायची. कृष्णाबाई शेवटपर्यंत तिच्यावर नाराजच होत्या. विद्याधर लोकांना सांगायचा, कामाला आहे, आणि पुढं बोलणं वाढू द्यायचा नाही.

शांता सतरा वर्षांची असताना वडिलांबरोबर आईला भेटायला मुंबईला गेली. स्टुडिओच्या मागच्या एका लांबलचक खोलीत जयवंती टेबलाशी उभी राहून एका शेल्यावर वाकली होती. आजूबाजूला तिच्याच वयाच्या चार बायका बसून काम करत होत्या.

"बस की गं आई जरा," शांता म्हणाली.

"बसले की मला झोप येते." तिनं दोघांना पाणी दिलं, शांताची वेणी हातात घेऊन बघितली, विद्याधरला बागेचं विचारलं, पाणी किती आहे, पानं कशी चालली. उत्तर ऐकता ऐकता ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"पुढच्या आठवड्यात आम्ही कोल्हापूरला जातोय," ती म्हणाली. "शूटिंग आहे. महिनाभर तरी लागेल."

"तिथं काय काम?" विद्याधरनं विचारलं.

"ते तिथं गेल्यावर कळेल," जयवंती म्हणाली आणि पुन्हा शेल्याकडे वळली.